काच नसलेली काच

गाडी गॅरेजमध्ये नेली की मिस्त्री हेडलाइटवर बोटाने टिचकी मारतो आणि म्हणतो, "साहेब, काच पिवळी पडलीय." टिचकीचा आवाज बसका येतो, टप्प असा. काच असा आवाज करत नाही. ते प्लास्टिक आहे हे मिस्त्रीला ठाऊक असतं, मालकालाही ठाऊक असतं, पण दोघांच्या तोंडी शब्द काचच. चष्म्याची काच, हेल्मेटची काच, तशी हेडलाइटची काच. भाषा अशी जुन्या नावावर नवी वस्तू खपवतेच, त्यात तक्रारीसारखं काही नाही. पण या एका शब्दाने आपल्याकडून पुष्कळ चुकीची मेहनत करून घेतली आहे. काच म्हटली की ती मळते आणि मळली की पुसायची, हा हिशेब हाताला सवयीचा. म्हणून लोक हेडलाइट पुसत आले: टूथपेस्टने, दंतमंजनाने, लिंबू आणि खायच्या सोड्याने, रॉकेलने. पुसल्यावर चकाकतो. चार आठवड्यांनी पुन्हा ढगाळ होतो, आणि आधीपेक्षा जरा जास्तच.

हेडलाइटचा धुरकटपणा हा मळ नाही. ती कातडी सोलवटल्यासारखी गोष्ट आहे. हे पुस्तक त्या कातडीबद्दल आहे.

माझी सुरुवात पुसण्यापासूनच झाली आणि तीही वाईट. सेकंडहँड घेतलेली छोटी गाडी, पार्किंगच्या उघड्या कोपऱ्यात रोज एकाच दिशेला तोंड करून उभी. वर्षभरात लक्षात आलं की दुपारचं ऊन ज्या बाजूने यायचं त्या बाजूचा दिवा जास्त पिवळा, दुसरा कमी. इथेच खरं तर शहाणपण यायला हवं होतं. मळ काही ऊन बघून बसत नाही. मी मात्र घरात रंगकामाचं उरलेलं थिनर होतं ते फडक्यावर घेतलं आणि चोळलं. क्षणभर झकास दिसलं. तासाभराने दिव्यावर बारीक तड्यांची जाळी उमटली होती, तळलेल्या पापडावर असते तशी. ती जाळी कशानेच गेली नाही. पुण्याच्या नाना पेठेत जाऊन त्या बाजूचा अख्खा दिवा नवा आणावा लागला, आणि पुढची दोन वर्षं गाडी एका डोळ्याने तरुण आणि एका डोळ्याने म्हातारी दिसत राहिली. उरलेल्या म्हाताऱ्या डोळ्यावर मी जे शिकलो त्याचंच पुढे हे पुस्तक झालं.

डोळा म्हटल्यावर मोतीबिंदूची उपमा येतेच. घासून देणारे दुकानदारही तीच वापरतात. ती चुकीची आहे. मोतीबिंदू डोळ्याच्या भिंगात असतो. हेडलाइटच्या भिंगाला, म्हणजे अडीच-तीन मिलिमीटर जाडीच्या त्या पारदर्शक तुकड्याला, आतून बहुतेक वेळा काहीही झालेलं नसतं. बिघाड असतो तो वरच्या काही शतांश मिलिमीटरमध्ये, केसाच्या जाडीपेक्षाही कमी खोलीत. म्हणून तर तो घरी, हाताने, कागदाने काढता येतो. आणि म्हणूनच काढल्यावर काम संपत नाही.

हे सगळं समजायला थोडं मागे जावं लागतं. मोटारीचे दिवे पहिली कित्येक दशकं खरोखरच काचेचे होते. कार्बाइडवर पाण्याचे थेंब पाडून निघणाऱ्या ॲसिटिलीनच्या ज्योतीपुढे काच होती, नंतर विजेच्या दिव्यापुढेही काचच होती. अमेरिकेने १९४०च्या मॉडेलांपासून सात इंची गोल 'सील्ड बीम' ठरवून टाकला: आरसा, तार आणि पुढची काच सगळं एकत्र वितळवून बंद केलेलं. तार तुटली की अख्खा गोळा फेकायचा आणि नवा बसवायचा. उधळपट्टीची ही पद्धत एका बाबतीत मात्र नामी होती. दर काही वर्षांनी दिव्याला आपोआप कोरी काच मिळायची. दिव्याची काच म्हातारी होते ही कल्पनाच त्या पिढीला नव्हती. आपल्याकडच्या अँबॅसिडरच्या आणि पद्मिनीच्या गोल दिव्यांची काच जाड, आतून उभ्या रेघा पाडलेली. प्रकाश कुठे, किती पसरायचा ते त्या रेघा ठरवायच्या. १९७१च्या युद्धात ब्लॅकआउटसाठी त्या काचांचा वरचा भाग काळा रंगवला गेला होता, आणि नंतर तो रंग खरवडून काढल्यावर काच पुन्हा जशीच्या तशी. काचेला हे जमतं. दगड लागला तर फुटेल, पण उन्हाने म्हातारी होणार नाही.

प्लास्टिक आलं ते वेगळ्याच वाटेने. जर्मनीत बायर कंपनीचा हेर्मान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचा डॅनियल फॉक्स, दोघांनी एकमेकांना न कळत १९५३ मध्ये काही दिवसांच्या अंतराने एकच पदार्थ बनवला: पॉलिकार्बोनेट. फॉक्स शोधत होता तारांवर चढवायचं आवरण. ढवळणीला चिकटून घट्ट झालेला गोळा काही केल्या फुटेना, तेव्हा त्याचं लक्ष तिकडे गेलं. काचेच्या निम्म्या वजनाचा, हातोड्याने न फुटणारा आणि पारदर्शक. पुढे त्याच्यापासून चंद्रावर गेलेल्यांच्या शिरस्त्राणांचे गोल झाले, सीडी झाल्या, दंगलीतल्या पोलिसांच्या ढाली झाल्या आणि कार्यालयाच्या कोपऱ्यातले पाण्याचे वीस लिटरचे जार झाले. यांतल्या बहुतेक वस्तू सावलीत राहतात. त्यांच्या नावाने कुणी बोंब मारत नाही ती त्यामुळेच.

मोटारीत तो शिरला तो हवेच्या विरोधामुळे. तेलाच्या टंचाईनंतर गाड्यांची नाकं उतरती करायची होती, आणि सात इंची गोल काचेभोवती उतरतं नाक बसत नव्हतं. फोर्डने १९८१ मध्ये अमेरिकी सरकारकडे अर्ज केला, १९८३ मध्ये परवानगी मिळाली आणि १९८४च्या लिंकन मार्क ७ या गाडीवर बल्ब बदलता येणारे, बॉडीच्या आकारात बसणारे दिवे आले. युरोपात प्लास्टिकच्या काचांना मुभा मिळाली ती १९९०च्या दशकात. आपल्याकडे त्या दशकाच्या अखेरीस आलेल्या गाड्यांच्या पिढीपासून गोल-चौकोनी काच मागे पडत गेली. त्याच सुमारास आणखी एक बदल झाला, ज्याची फारशी चर्चा होत नाही. प्रकाशाला वळण देण्याचं काम काचेवरच्या रेघांकडून काढून मागच्या आरशाच्या आकाराकडे दिलं गेलं. पुढची काच आता नुसती खिडकी, स्वच्छ आणि गुळगुळीत. दिसायला देखणी, पण तिच्यावर धूर बसला की आरशाने काटेकोर आखलेली प्रकाशाची कड विस्कटते. समोरच्याच्या डोळ्यांत जायला नको असलेला प्रकाश वर उधळतो आणि रस्त्यावर पडायला हवा तो कमी पडतो. धुरकट दिवा नुसता मंद नसतो, तो चुकीच्या ठिकाणी उजेड पाडतो. घाटात समोरून येणाऱ्या जुन्या गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपतात आणि तिच्या चालकाला मात्र वळण दिसत नसतं, यातली गोम ही आहे.

पॉलिकार्बोनेटला ऊन सोसत नाही. उन्हातली अतिनील किरणं त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडतात. तुटलेले तुकडे नव्या रीतीने जुळतात, त्यांतले काही पिवळे असतात. पुढे हवेतला प्राणवायू त्या तुकड्यांना लागतो, पृष्ठभाग ठिसूळ होतो, धूळ आणि पाऊस त्यावर सूक्ष्म खड्डे पाडतात. हे माहीत असल्यामुळेच कारखाना दिव्यावर पारदर्शक कठीण लेप देतो, काही मायक्रॉन जाडीचा. दिवा टिकतो तो या लेपाच्या जिवावर. लेप झिजला, त्याला तडे गेले, तो सोलायला लागला की उघडं पॉलिकार्बोनेट उन्हात येतं. अमेरिकेच्या नियमात दिव्याच्या प्लास्टिकला फ्लोरिडाच्या दमट आणि ॲरिझोनाच्या कोरड्या उन्हात तीन वर्षं ठेवून तपासायची अट आहे. तीन वर्षं! आपल्याकडे खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. उरलेल्या बारा वर्षांत त्या लेपाचं काय व्हावं, याचं उत्तर कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेरी मारली की मिळतं. नागपूर-अकोल्याच्या उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला ते लवकर मिळतं, तळघरातल्या पार्किंगमधल्या गाडीला उशिरा.

आता उपायांकडे येऊ. या क्षेत्रात घराणी आहेत असं म्हणायला हरकत नाही, आणि घराण्यांत असतो तसा एकमेकांबद्दलचा तुच्छभावही आहे.

सगळ्यांत जुनं आणि मोठं घराणं घासणाऱ्यांचं. यांचं हत्यार म्हणजे वॉटर पेपर. चारशे-सहाशे नंबरपासून सुरुवात, मग आठशे, हजार, दीड हजार, दोन हजार. नंबर चढेल तसा कागद मऊ. पाणी सोडत घासायचं, एका कागदाने आडवं, पुढच्याने उभं, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या का ते दिसतं. पहिल्या कागदाला पिवळसर दुधी पाणी सुटतं. पाणी पांढरं यायला लागलं की जुना लेप आणि खराब थर निघाला. शेवटी रबिंग कंपाउंड आणि बफिंग. टूथपेस्टवाले याच घराण्यातले, फक्त शेवटच्या पायरीवरून सुरुवात करणारे. पेस्टमधली बारीक पूड पॉलिशचं काम करते, पण खराब थर काढण्याइतकी ती करकरीत नाही. घासणाऱ्यांचं काम डोळ्यांना लगेच दिसतं. म्हणून रस्त्याकडेला अर्ध्या तासात दिवा चमकवून देणाऱ्यांचा धंदा चालतो. पण त्यांनी काय केलेलं असतं? उरलासुरला लेपही काढून टाकलेला असतो. दिवा चकचकीत आणि उघडा. पुढचा उन्हाळा त्याला खातो.

दुसरं घराणं वितळवणाऱ्यांचं. विजेवर तापणारा एक कप असतो, त्यात द्रावक ओततात, आणि त्याची वाफ दिव्यावर फिरवतात. पृष्ठभाग क्षणभर वितळून सपाट होतो. पाहायला जादू आहे. हे द्रावक डायक्लोरोमिथेन किंवा क्लोरोफॉर्मच्या जातकुळीतले असतात, आणि त्यांची वाफ नाकासमोर घेऊन उभं राहणारी पोरं मी पाहिली आहेत, तोंडाला रुमालसुद्धा न बांधलेली. शिवाय द्रावकाने प्लास्टिकमध्ये जो ताण राहतो तो पुढे तड्यांच्या रूपाने बाहेर येतो; थिनरने माझं जे झालं त्याचीच ही सावकाश आवृत्ती. डास पळवण्याच्या डीट असलेल्या फवाऱ्याने दिवा साफ होतो हा शोधही याच वर्गातला. साफ होतो, कारण तो प्लास्टिक विरघळवतो. या घराण्याबद्दल पुस्तकात मी तटस्थ राहिलेलो नाही. घरी हे करू नये.

तिसरं घराणं झाकणाऱ्यांचं, आणि माझा ओढा तिकडे. त्यांचं म्हणणं एवढंच की घासणं ही पूर्वतयारी आहे, काम आहे ते नवा लेप देण्याचं. त्यांच्यातही पोटभेद पुष्कळ. अमेरिकेतले घरगुती कारागीर बोटींना लावायचं व्हार्निश टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फडक्याने फिरवतात. ते एक उन्हाळा नक्की काढतं, दुसऱ्याची हमी मी देणार नाही. रंगारी लोक हार्डनर घातलेला क्लिअर कोट मारतात. टिकायला तो सगळ्यांत दणकट, पण त्या हार्डनरमधली आयसोसायनेटं फुप्फुसांना घातक. योग्य मास्क आणि मोकळी जागा नसेल तर ते काम रंगाऱ्याकडेच द्यावं. उन्हात धरून कडक होणारे लेप आहेत, पुसून लावायचे सिरॅमिक आहेत, चिकटवायच्या पारदर्शक फिल्म आहेत. मेण आहे, पण ते पावसाळ्यातल्या छत्रीसारखं. विसरलात की भिजलात.

घासणारे आणि झाकणारे यांच्यात एक खरा तात्त्विक वाद आहे आणि तो मला फार आवडतो. घासणारे तीन हजार नंबरच्या कागदापर्यंत जाऊन आरशासारखी चकाकी आणतात. झाकणारे आठशे-हजारवर थांबतात. दिवा तेव्हा दुधी काचेच्या खिडकीसारखा दिसतो, बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. मग लेप चढतो आणि दिवा एकदम निवळतो. कारण खरखरीत पृष्ठभाग प्रकाश विखुरतो तो खड्ड्यांत हवा असल्यामुळे. लेप त्या खड्ड्यांत शिरतो, हवा हटते, विखुरणं थांबतं. आणि गुळगुळीत केलेल्या, त्यातून कंपाउंडचं तेल राहिलेल्या प्लास्टिकवर लेप धरत नाही, सोलून येतो. म्हणजे आधी मन लावून चकाकी आणणाऱ्याने नंतर लेप दिला तर त्याची मेहनत दोनदा वाया जाते. माझं हे असं झालं होतं.

चौथ्या घराण्याला घराणं म्हणावं का माहीत नाही: बदलणारे. अमेरिकेतल्या एएए या मोटारचालकांच्या संघटनेने २०१८ मध्ये केलेल्या तपासणीत खराब झालेल्या दिव्यातून नव्याच्या २२ टक्केच उजेड मिळाला. साफ केल्यावर तो ७० टक्क्यांपर्यंत आला. मूळ कंपनीचा नवा दिवा बसवला तेव्हाच पूर्ण. हा आकडा मी टेबलासमोर लावून ठेवला आहे, कारण घरी केलेल्या कामाबद्दल फुशारकी वाटायला लागली की तो उपयोगी पडतो. साफ केलेला दिवा नवा होत नाही. आरसाच करपला असेल, आत पाणी शिरून डाग पडले असतील, तडे खोलवर असतील, तर बदलणाऱ्यांचंच म्हणणं बरोबर. आरसा करपण्याचं एक कारण आपलं खास आहे. उजेड कमी पडतो म्हणून ६०/५५ वॉटच्या जागी १००/९०चा बल्ब घालायचा. तो नियमात बसत नाही हे सोडाच. धुरकट काचेतून तो समोरच्यालाच जास्त आंधळा करतो आणि त्याच्या उष्णतेने आरशाचा मुलामा जातो. रोग त्वचेचा, औषध हृदयाला.

मग बदलूनच का टाकू नये? इथे गोष्ट पुन्हा १९४०पाशी येते. एलईडी दिवे म्हणजे नव्या काळातले सील्ड बीमच. सगळं एकात बंद, सुटी काच मिळत नाही, बिघडलं तर अख्खं बदलायचं. फरक किमतीचा. जुना गोळा किरकोळ रकमेत यायचा. आजच्या मधल्या वर्गातल्या गाडीचा एलईडी दिवा घ्यायला गेलं की दुकानदार किंमत सांगण्याआधी बसायला खुर्ची देतो. आत दहा-पंधरा वर्षं चालेल असा एलईडी, बाहेर पाच वर्षांत पिवळी पडणारी कातडी. लोक गाड्या जास्त वर्षं वापरू लागलेत, सेकंडहँडचा बाजार फुगलाय, आणि गावांना जोडणाऱ्या रस्त्यांवर रात्री अजूनही आपल्याच दिव्याचा तेवढा आधार. म्हणून हा विषय हौसेचा राहिलेला नाही.

गाड्यांच्या चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच टेकडीवर आहे, प्लास्टिकच्या काचांच्या कसोट्यांवर जाडजूड दस्तऐवज आहेत. पण ते सगळं नव्या दिव्यासाठी. जुन्या दिव्याला रोज हात लावणाऱ्यांचं ज्ञान गॅरेजात, डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये आणि तोंडीच राहिलं. मराठीत ते एकत्र केलेलं मला सापडलं नाही, तेव्हा स्वतःच जमवायला बसलो. कोणत्या कंपनीचा संच घ्यावा, हे मी सांगितलेलं नाही. डबे बदलतात, त्यांवरची लेबलं त्याहून लवकर बदलतात. दिव्याला काय झालंय ते ओळखायचं कसं, कुठे थांबायचं, आणि लेप का धरतो किंवा धरत नाही, एवढ्यावर भर आहे. फसलेल्या कामांचे फोटो जमलेल्या कामांपेक्षा जास्त आहेत आणि त्यांतले बरेच माझेच आहेत. आपल्या हवेचा हिशेबही आहे: पावसाळ्यात लेप धुरकटतो, मेमध्ये तो पसरायच्या आत सुकतो, दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने सोन्यासारखे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी धुताना अनेकांना हे काम आठवतं. त्यांनी झेंडूचा हार घालून घ्यावा आणि आणखी तीन आठवडे थांबावं.

पुढचं पान उलटण्याआधी एक करा. तांब्याभर पाणी घेऊन खाली पार्किंगमध्ये जा आणि दिव्यावर ओता. पाणी असेतोवर दिवा नितळ दिसला आणि वाळताना पुन्हा धुरकटला, तर बिघाड वरचा आहे. खड्ड्यांत हवेच्या जागी पाणी गेलं इतकंच, आणि पाण्याने जे मिनिटभर केलं ते लेप वर्षानुवर्षं करू शकतो. ओला असतानाही पिवळा दिसला तर वॉटर पेपरचा खरखरीत नंबर लागेल. आणि ओल्या दिव्याच्या आतल्या बाजूला थेंब लोंबताना दिसले, तर हे पुस्तक गाडीच्या टपावर ठेवून आधी दिव्याचं मागचं रबरी झाकण नीट बसलंय का ते बघा.